राफाने लिव्हरपूलला दिलं काय? (लाल सैतान यांच्या पिंकेला सविस्तर उत्तर)

एरंडवणे एंड

परवा दुसऱ्याच एका धाग्यावर लाल सैतान यांनी जाता जाता एक पिंक टाकली. जशीच्या तशी देतो: “बेनिटेझने सहा वर्षांत लिव्हरपूलचं स्पॅनिश वसतिगृह करून टाकलं. इस्तंबूल म्हणजे लागलेला मटका, तोही हूलिएच्या संघावर. मागे काय ठेवलं? शून्य. क्लॉपला सगळं नव्याने बांधावं लागलं.”

तिथे विषय वेगळा होता म्हणून गप्प बसलो. पण डोक्यातली भुणभुण थांबेना, म्हणून हा स्वतंत्र धागा. (नवख्यांसाठी: राफा म्हणजे राफाएल बेनिटेझ, २००४ ते २०१० लिव्हरपूलचा स्पॅनिश कोच. हूलिए त्याच्या आधीचा कोच, क्लॉप बऱ्याच नंतरचा. इस्तंबूल म्हणजे २००५ ची चॅम्पियन्स लीग फायनल, एसी मिलानविरुद्ध पेनल्टीवर जिंकलेली.)

आधी वसतिगृह. २५ मे २००५ ला इस्तंबूलमध्ये जे अकरा जण उतरले त्यांत स्पॅनिश किती? दोन. अलोन्सो आणि लुईस गार्सिया. होसेमी आणि नुन्येझ बाकावर होते आणि शेवटपर्यंत बाकावरच राहिले. पुढे रेइना आला, आर्बेलोआ आला, टोरेस आला, मान्य. पण मास्चेरानो अर्जेंटिनाचा, आगर डेन्मार्कचा, कुइट हॉलंडचा, श्कर्टेल स्लोव्हाकियाचा, लुकास ब्राझीलचा. पासपोर्ट मोजूनच प्रभाव ठरवायचा असेल तर वेंगरच्या फ्रेंच आर्सेनलबद्दल तुमची दातखीळ का बसते?

राफाने जे आणलं ते स्पेनमधलंच होतं, पण लोकांना स्पेन म्हटलं की फक्त टिकीटाका, म्हणजे छोट्या छोट्या पासचा खेळ दिसतो. २००२ आणि २००४ ला रेआल आणि बार्साच्या नाकावर टिच्चून ला लीगा जिंकलेली त्याची व्हॅलेन्सिया आठवा. दोन फळ्यांमध्ये हातभर जागा, चेंडू गेला की प्रत्येकाला आपली जागा पाठ, समोरचा संघ वैतागून चुका करेपर्यंत धीर. तेच त्याने अॅनफिल्डवर, लिव्हरपूलच्या मैदानावर आणलं. पहिल्या हंगामात लीगमध्ये ४१ गोल खाल्ले. दुसऱ्यात २५. मग २७, २८, २७. गोलकीपर रेइनाला सलग तीन हंगाम गोल्डन ग्लव्ह, म्हणजे सर्वाधिक मॅचमध्ये गोल न खाल्ल्याचं बक्षीस. हाही मटकाच का?

कॅराघर राफाच्या आधी कधी डावा, कधी उजवा बॅक म्हणून जुंपलेला गडी होता. राफाने त्याला मध्ये आणला आणि पुढची कितीतरी वर्षं तो तिथून हलला नाही. जेरार्डला उजवीकडे टाकल्यावर अर्धं इंग्लंड बोंबललं होतं. २००५-०६ च्या त्या हंगामात त्याने सगळ्या स्पर्धा मिळून २३ गोल मारले. नंतर त्यालाच टोरेसच्या मागे उभा केला. त्या दोघांची जोडी मी पुन्हा पुन्हा बघतो. बायको म्हणते, निकाल माहीत असलेली मॅच माणूस किती वेळा बघतो?

आणि इस्तंबूल. मध्यंतराला ०-३. फिननला बसवून हामानला आणलं, मागे तिघेच ठेवले, जेरार्डला पुढे सोडलं. ५४ ते ६० या मिनिटांत तीन गोल. नशीब हामानचा हात धरून मैदानात आलं होतं काय?

---

लाल सैतान

माझ्या चार ओळींवर एवढा निबंध! भाऊ, तुमचा राफासुद्धा एवढं होमवर्क करत नव्हता.

गोल कमी खाल्ले, कमी खाल्ले, काय लावून राहिले बे? लीग कधी जिंकली ते सांगा ना. २००८-०९ ला आमच्या मँचेस्टर युनायटेडचे ९० पॉइंट, तुमचे ८६. तुम्ही फक्त दोन मॅच हरले. मग गेले कुठे पॉइंट? अकरा ड्रॉमध्ये. त्यातले सात घरच्या मैदानावर! स्टोकशी ०-०, फुलहॅमशी ०-०, वेस्ट हॅमशी ०-०. हाच तुमचा स्पॅनिश धीर. समोर स्टोक उभी आहे अन् साहेब वहीत टिपणं काढून राहिले.

आणि ९ जानेवारी २००९ विसरले काय? लीगमध्ये एक नंबरवर असताना खिशातून कागद काढून आमच्या कोचवर, फर्गीवर (फर्ग्युसन) ‘फॅक्ट्स’ वाचून दाखवले. दुसऱ्याच दिवशी स्टोकमध्ये परत ०-०. फर्गी तिकडे च्युइंगम चावत हसत असंन.

---

एरंडवणे एंड

हे फॅक्ट्स प्रकरण म्हणजे दंतकथा आहे. फेब्रुवारीअखेर मिडल्सब्रोला हरल्यानंतर लिव्हरपूलने उरलेल्या अकरा मॅचपैकी दहा जिंकल्या, एक बरोबरीत. त्यात तुमच्याच ओल्ड ट्रॅफर्डवरचा ४-१ आहे. तुमचा बचावपटू विदिच कसा गांगरला होता ते आठवतंय ना? की तेवढा दिवस लाइट गेले होते नागपुरात?

---

लाल सैतान

४-१ जिंकले अन् ट्रॉफी आमच्या घरी आली. ठेवा तुमचा ४-१ फ्रेम करून.

---

गिरगावातला कॉप

दोघेही चुकीच्या मुद्द्यावर भांडताय. लिव्हरपूलवाला असूनही मी यात सैतानाच्या अर्ध्या वाक्याशी सहमत आहे. संघ हूलिएचाच होता.

दुडेक, हूपिया, फिनन, रीसे, हामान, श्मित्सर, बारोश, क्युएल, त्राओरे. हे सगळे कोणी आणले? हूलिएने. २००१ ला एकाच हंगामात लीग कप, एफए कप आणि युएफा कप कोणी जिंकून दिले? हूलिएने. खेळाडूंच्या ताटात काय असावं इथपासून त्याने सुरुवात केली, कारण त्याच्या आधी क्लबमध्ये पार्ट्यांत रमणाऱ्या खेळाडूंची, ‘स्पाइस बॉइज’ची जत्रा भरलेली होती. ऑक्टोबर २००१ ला बिचाऱ्याची हृदयाची मोठी शस्त्रक्रिया झाली आणि नंतर तो पूर्वीचा राहिला नाही. नांगरणी एकाने केली, पेरणी त्यानेच केली, आणि मळणीला दुसरा आला. मध्यंतरातल्या हामानचं श्रेय राफाला देतो. पण मग पहिल्या अर्ध्यात हामानला बाहेर ठेवून मिलानच्या काकाला मोकळं रान कोणी दिलं, तेही लिहा.

आणि रोटेशन! शंभराच्या आसपास मॅच सलग तोच संघ पुन्हा खेळवला नाही या माणसाने. सप्टेंबर २००७, घरच्या मैदानावर बर्मिंगहॅम, टोरेस बाकावर, निकाल ०-०. त्या रात्री मी चाळीच्या गॅलरीत उभा राहून जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही.

---

एरंडवणे एंड

काका, हूलिएबद्दल आदर आहेच. पण त्याच्या शेवटच्या हंगामात संघ ६० पॉइंटवर होता आणि राफाच्या दुसऱ्या हंगामात ८२ वर. पेरणी एवढी झकास होती तर पीक आधीच का नाही आलं?

रोटेशनवर तुम्ही तेव्हा शिव्या दिल्यात, आज सगळे तेच करतात.

---

तालमीतला बॅक

नमस्कार मंडळी. कोल्हापूरकर हाय. बाकी तुमचं राजकारण चालू द्या, पर त्या राफानं जगाला जो झोनल मार्किंगचा रोग लावला त्याबद्दल कोणच कसं बोलंना?

आमच्या संघात एक नवीन कोच आला. कोर्स करून आलेला, हातात फाइल, गळ्यात शिट्टी. म्हटला कॉर्नरला माणूस धरायचा न्हाई, जागा धरायची. मी सेंटर बॅक. मला सांगितलं, सहा यार्डाच्या रेषेवर हितं उभा ऱ्हा, हलायचं न्हाई. शाहू स्टेडियमला मॅच, पेठंतलं निम्मं पब्लिक आलेलं, माझा चुलता पैल्या पायरीवर. कॉर्नर आला. समोरचा पठ्ठ्या पार पेनल्टी स्पॉटच्या मागनं पळत आला आणि माझ्या खांद्यावरनं उडून हेडर मारला. मी उभ्या जागी उडलो, किती उडणार? इतभर! चुलत्यानं आजपतूर बोलून दाखवलंय, ‘खांबागत उभा हुतास’ म्हणून.

२००९ ला अॅनफिल्डवर चेल्सीनं काय केलं ते बगा. इवानोविच. दोन कॉर्नर, दोन हेडर. तोच सेम गोल मी खाल्लाय, म्हणून सांगतोय.

---

लाल सैतान

हा माणूस आवडला आपल्याला. ८ एप्रिल २००९, चॅम्पियन्स लीग क्वार्टर फायनल. सहाव्या मिनिटाला टोरेसचा गोल, लिव्हरपूल खूश. अन् मग इवानोविचचे दोन, द्रोग्बाचा एक. ३-१. घरच्या मैदानावर. वहीत त्याचं टिपण नव्हतं काय?

---

एरंडवणे एंड

आलं, इवानोविच येणार हे माहीतच होतं. झोनलची चर्चा इवानोविचशिवाय होत नाही, जशी पुण्यात पार्किंगची चर्चा भांडणाशिवाय होत नाही.

शांतपणे ऐका. माणूस धरून खेळताना गोल झाला की टीव्हीवरचे पंडित म्हणतात, अमक्याने आपला माणूस सोडला. झोनमध्ये गोल झाला की म्हणतात, पद्धतच भिकार. एकात दोषी खेळाडू, दुसऱ्यात दोषी थेट सिस्टीम. असा न्याय असतो का? त्या २००८-०९ च्या हंगामात लीगच्या ३८ मॅचमध्ये २७ गोल खाल्ले, आणि त्यात कॉर्नरवरचे, फ्री किकवरचे, पेनल्टीवरचे सगळे आले. इवानोविचचे दोन गोल एका रात्रीचे.

कोल्हापूरच्या दादांच्या कोचने अर्धाच झोन शिकवला असणार. रेषेवर उभे राहणारे वेगळे आणि त्यांच्यापुढे पळत येणाऱ्यांच्या वाटेत उभे राहून त्यांचा वेग मोडणारे दोन-तीन जण वेगळे. तुमच्यापुढे कोणी होतं का?

---

तालमीतला बॅक

माझ्यापुढं गोलकीपर हुता, आणि तो भी माझ्यावरच वरडायलाता.

दादा म्हणायलाईस म्हणून राग न्हाई. पर पेठंच्या मॅचला वेग मोडायला गेलं की फाऊल, फाऊल दिला की पब्लिक आत. वाटेत उभं ऱ्हायाचं हे पुस्तकात बरं वाटतंय. आमच्या जुन्या कोचचं एकच सांगणं हुतं, ‘त्याची जर्सी तुझ्या मुठीत पायजे.’ त्याच्या हाताखाली कॉर्नरवर गोल खाल्लेला मला आठवत न्हाई.

---

गिरगावातला कॉप

+१. तेव्हा स्कायवरच्या समालोचकांचं लाडकं पालुपद होतं की झोन गोल मारत नाही, माणूस मारतो. माणसं चिडखोर होती, पण बोलण्यात तथ्य होतं.

---

एरंडवणे एंड

आणि आज? प्रीमियर लीगमधले बहुतेक संघ कॉर्नरला झोन किंवा झोन आणि माणूस यांचं मिश्रण खेळतात. मँचेस्टर सिटी खेळते, आर्सेनल खेळते. तेव्हा राफाला वेड्यात काढणारे आज तीच रेषा दाखवून ‘किती शिस्तबद्ध’ म्हणतात. मात्र राफाचं नाव कोणी घेत नाही, कारण त्याने ते पंधरा वर्षं आधी केलं आणि इंग्रजी जरा अडखळत बोलला.

---

लाल सैतान

म्हणजे आता कॉर्नरचा शोधही राफानेच लावला. नमस्कार घ्या.

---

मडगावकर

तुम्ही लोक स्पॅनिश कोच म्हटलं की बचाव, बचाव. आमच्याकडे या रे. स्पेनचा लोबेरा एफसी गोवाचा कोच म्हणून आला २०१७ ला. पहिल्याच मोसमात स्ट्रायकर कोरोचे १८ गोल. फातोर्ड्यावर आम्ही ४ मारले काय ५ मारले काय, लोक अजून मागायचे. तीन खाल्ले तरी चालायचं. धीर-बीर काही नाही, चेंडू मिळाला की पुढे. बेनिटेझ आणि लोबेरा दोघे एकाच देशाचे कसे, मला तर प्रश्न पडतो.

आणि या लोबेराला ३१ जानेवारी २०२० ला काढलं. संघ टेबलात पहिला असताना! क्लिफर्ड मिरांडाने राहिलेल्या मॅच पूर्ण केल्या, टेबलात पहिलं आल्याची लीग शील्ड आली, एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात जाणारा पहिला भारतीय क्लब आमचा झाला. आणि लोबेरा? मुंबईने उचलला, पुढच्याच मोसमात शील्ड आणि करंडक दोन्ही. मुंबईकरांनी आम्हाला एक आभाराचं पत्रसुद्धा पाठवलं नाही.

कोचला राबवायचं आणि ताट मांडायच्या वेळी हाकलायचं, हे सगळीकडचं आहे. राफाचं काय झालं ते याच्याशी जुळतं म्हणून लिहिलं. आता म्हणा अवांतर.

---

गिरगावातला कॉप

अवांतर. पण मुंबईकर या नात्याने आभार घ्या, उशिरा का होईना.

---

तालमीतला बॅक

लोबेरा कॉर्नरला काय करायचा?

---

मडगावकर

कॉर्नर मारायचा.

---

वीरालकर ताई

एवढा वेळ वाचत होते. मला झोन आणि माणूस यातलं काही कळत नाही, माझे मिस्टर या बाबतीत तुमच्यासारखेच आहेत. पण आम्ही लिव्हरपूलच्या नदीपलीकडे वीरालला राहतो आणि ‘मागे काय ठेवलं, शून्य’ हे वाचून राहवलं नाही.

राफाचं घर याच भागात. लिव्हरपूल सोडलं, इंटर मिलान झालं, चेल्सी झालं, नापोली झालं, माद्रिद झालं, पण बायको-मुली इथेच राहिल्या. २०१० ला क्लबमधून जाताना त्याने हिल्सबरो स्टेडियमवरच्या चेंगराचेंगरीत गेलेल्या लिव्हरपूल चाहत्यांच्या कुटुंबांच्या संघटनेला ९६,००० पौंड दिले. त्या दुर्घटनेत तेव्हा ९६ माणसं मोजली जायची, म्हणून तो आकडा. नंतर ९७ झाली. माझ्याबरोबर काम करणारी एक बाई आहे, तिच्या घरातलं माणूस त्या दिवशी तिथे होतं, वाचलं. ती फुटबॉल बघत नाही. राफाचं नाव काढलं की मात्र सगळं सोडून ऐकते. हे तुमच्या ९० आणि ८६ मध्ये कुठे बसतं ते मला माहीत नाही.

तरी एक सांगते. २००७ ला शहरातल्याच दुसऱ्या क्लबला, एव्हर्टनला ‘छोटा क्लब’ म्हणाला, आणि २०२१ मध्ये त्याच एव्हर्टनची नोकरी धरली! त्याच्या घराजवळ सही करू नकोस म्हणून धमकीचा फलक लावला होता कोणीतरी. आमच्या शेजारचे एव्हर्टनवाले आजोबा त्या काळात आमच्याशीही नीट बोलत नव्हते, जसं काही मीच त्याला चहाला बोलावून तयार केलं. जानेवारी २०२२ ला त्याला काढलं तेव्हा आजोबा स्वतःहून केक घेऊन आले.

---

लाल सैतान

ताई, हिल्सबरोबद्दल एक शब्द वाकडा बोलणार नाही. तेवढ्यापुरता माणूस मोठा, लिहून देतो.

आता फुटबॉलवर या. ताईंनी सांगितलं ते माणुसकीचं, अन् मी विचारतो मैदानावरचं. रॉबी कीनला २००८ च्या जुलैत घेतला, फेब्रुवारीत परत टॉटनहॅमला, तोही तोट्यात. अलोन्सोसारखा पोरगा असताना गॅरेथ बॅरीच्या मागे लागले. अलोन्सोला राग आला, वर्षाने ३० दशलक्ष पौंडांत माद्रिदला गेला. त्याच्या जागी आणला अॅक्विलानी, जो आला तेव्हा जखमी होता! व्हॅलेन्सियात हाच राफा म्हणाला होता ना, सोफा मागितला तर दिवा आणून दिला? लिव्हरपूलमध्ये स्वतःच सोफा विकून दिवा घेतला. पुढच्या मोसमात सातवा नंबर.

---

एरंडवणे एंड

अॅक्विलानीवर माझ्याकडे उत्तर नाही. म्हणजे आहे, पण तुम्ही हसाल.

बाकी मालकांचं काय? २००७ ला हिक्स आणि जिलेट आले, कर्ज क्लबच्या डोक्यावर टाकलं, आणि कोच जागेवर असताना क्लिन्समनशी बोलणी केली. हिक्सने स्वतः ते कबूल केलं. राफासाठी चाहते पोर्टोच्या मॅचआधी रस्त्यावर उतरले होते. अशा घरात बसून माणूस २००८-०९ ला ८६ पॉइंट काढतो आणि तुम्ही त्याला कीनचा हिशोब विचारता.

आणि ‘शून्य’ म्हणाल तर: २००९ ला अकादमी त्याने हातात घेतली, बार्सिलोनाहून रोडोल्फो बोरेल आणि पेप सेगुराला आणलं, डॅलग्लिशला परत बोलावलं. फेब्रुवारी २०१० ला पंधरा वर्षांचा स्टर्लिंग क्यूपीआर (क्वीन्स पार्क रेंजर्स) कडून घेतला. क्लॉप ऑक्टोबर २०१५ ला आला तेव्हा लुकास आणि श्कर्टेल अजून ड्रेसिंग रूममध्ये होते. राफा जाऊन पाच वर्षं झाली होती. त्या पाच वर्षांत हॉजसन, डॅलग्लिश आणि रॉजर्स येऊन गेले. नव्याने बांधावं लागलं असेल तर पाडलं कोणी, हे त्यांना विचारा.

---

गिरगावातला कॉप

बोरेल पुढे सिटीला गेला आणि पेप ग्वार्डिओलाच्या हाताखाली पदकं जमवत बसला. म्हणजे राफाने आणलेलं स्पॅनिश शहाणपण शेवटी मँचेस्टरच्या कामी आलं. वा!

---

लाल सैतान

मँचेस्टर म्हणजे आमचं नाही हं. दुसरं. ते गाव आम्ही ओळखत नाही.

बरं, एरंडवणेभाऊ, ४१ चे २५ केले ते चांगलं केलं. झालं समाधान? पण ‘मटका’ हा शब्द मागे घेणार नाही. पेनल्टीच्या आधी, जादा वेळेच्या अगदी शेवटी शेवचेन्कोवरचा दुडेकचा तो डबल सेव्ह आठवा. दुडेकला स्वतःला कळलं नाही हात कुठून आला.

---

एरंडवणे एंड



दुडेकच्या सेव्हला मटका म्हणा, परवानगी आहे. युव्हेंटस आणि चेल्सी हे दोन संघ आधी घरी पाठवले ते कसे, यावर मात्र उद्या वेगळा प्रतिसाद टाकणार आहे. चेल्सीला दोन मॅचमध्ये मिळून एकही गोल करू दिला नाही.

---

लाल सैतान

लुईस गार्सियाचा चेल्सीवरचा तो गोल रेषेच्या आत गेला होता काय आधी ते सांगा.

---

तालमीतला बॅक

ते उद्या भांडा. मला आत्ता सांगा, रविवारी मॅच हाय आणि कोच अजून तोच हाय. जवळच्या पोस्टवर कुणाला उभा करू? आमचा लेफ्ट बॅक बुटका हाय.

---

एरंडवणे एंड

बुटका असेल तर पोस्टला चिकटून उभा करा, त्याच्या दोन पावलं पुढे हेडर चांगला असलेला स्ट्रायकर ठेवा, पहिला चेंडू त्याने काढायचा. तुम्ही स्वतः रेषेच्या मधोमध, आणि चेंडू उडाला की जागेवर उडायचं नाही, दोन पावलं पुढे घेऊन उडायचं. समोरच्या दोन दांडग्यांच्या वाटेत दोन मिडफिल्डर. हात वर नाही, छाती पुढे, म्हणजे फाऊल नाही.

---

गिरगावातला कॉप

आणि तरीही गोल झाला तर इथे येऊन यांना धरा. चुलत्यांनाही घेऊन या.